'संथ' ही तक्रार आहे का?

शाईपेन्सिल
आमच्या फिल्म सोसायटीत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट दाखवायचा आहे. गाण्यातून एका गटारसफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा खटला एका शाहिरावर चालतो, त्याची ही गोष्ट. सोबतच्या पत्रकासाठी एक इंग्रजी टिपण मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात 'स्लो' हा शब्द कौतुकाने आलाय: कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, माणसं येतात-जातात, घाई कुणालाच नाही. मी 'संथ चित्रपट' असं लिहिलं. एका ज्येष्ठ सभासदांनी ते खोडलं. म्हणाले, "संथ म्हणजे कंटाळवाणा. असं छापलंत तर येणार कोण?" मला तर हा चांगला शब्द वाटतो. नदी संथ वाहते म्हणून आपण कुरकुर करत नाही. तुम्ही काय लिहाल?

गोदाकाठ
नदीपुरतं ठीक. पण पेपर उघडा: 'पुलाचं काम संथगतीने', 'पंचनामे संथगतीने', 'वाहतूक संथ'. 'गती' जोडली की शब्द तक्रारीचा होतो, नुसता 'संथ' अजून शाबूत आहे. तुमचाच ठेवा.

तिसरी घंटा
सभासदांचं बरोबर आहे. 2015 मध्ये, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून, घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो होतो. चित्रपट रटाळ आहे. न्यायालयातले दिवे मालवले, पडदा काळा झाला, लोक उठले, आणि त्यानंतर न्यायाधीशांची सुट्टीतली सहल सुरू! मराठीत याला 'लांबण' म्हणतात. चांगल्या विषयाचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं.

ठाय
गाण्यातल्या माणसाचं मत. संथ लयीला आम्ही 'विलंबित' म्हणतो, जुनी मंडळी 'ठाय' म्हणायची. ठाय लयीत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला लावणं हेच गवयाचं कसब. लय सुटली तरच गाणं रटाळ होतं. 'कोर्ट'मध्ये ती सुटत नाही. बाकावर झोपलेल्या न्यायाधीशांना मुलं ओरडून जागं करतात आणि ते त्यातल्या एकाला चापट मारतात, तीच सम. न्यायासनावर बसलेला माणूस कसा आहे ते तिथे कळतं.

तिसरी घंटा
सम आली हे ऐकणाऱ्याला कळायला हवं ना? आम्हाला कळली नाही, तर दोष नेहमी आमचाच का?

मोडीवाचक
मूळ पाहू. 'संथ' हा माझ्या मते 'संस्थ'वरून आला, म्हणजे एका जागी स्थिर. वेदपाठाची 'संथा'ही त्याच घरातली. गुरुजी एकेक पद पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. 'रटाळ'मध्येही 'रटणं' आहेच. म्हणजे दोन्ही शब्द पाठांतरातून आले. तुम्ही उगाच भांडताय.

गोदाकाठ
नुसत्या नादावरून नाती जोडू नका. जुन्या वाङ्मयातला एक तरी दाखला द्या, मग मानू.

मायबोली-रक्षक
'स्लो' टाळलंत याचं समाधान वाटलं. 'मंदगती' हा शुद्ध पर्याय हाताशी आहे.

डोंबिवली-फास्ट-नाही
'मंद' आमच्या शाळेत शिवी होती. थिएटरबाहेर आपण सगळे 'पिक्चर स्लो आहे' असंच म्हणतो. देवनागरीत 'स्लो' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल. मराठी त्याने बुडत नाही.

मायबोली-रक्षक
बुडत नाही, पण एकेक जागा सोडत जाते. नदीसाठी, चालीसाठी, बोलण्यासाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द होते. 'स्लो' आला आणि सगळे एकाच पोत्यात गेले.

मांडवीपार
गोव्यात, कोंकणीत, 'सवकास' म्हणतात. आई दारातून 'सवकास वच' म्हणते ती काळजीने. मराठीतही 'सावकाश जा' आहेच. 'सावकाश चित्रपट' का चालू नये?

रोजनामा
दिवाणी न्यायालयातली नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे प्रकरण 'बोर्डावर' येतं, 'पुकारा' होतो, 'तहकूब' होतं, 'पडून' राहतं. पक्षकार म्हणतात 'रखडलं'. संथ कोणी म्हणत नाही. नदी आपापली संथ वाहते. खटला रखडतो तेव्हा कुणीतरी तो रखडवत असतं आणि कुणीतरी आत बसलेलं असतं. चित्रपटातले न्यायाधीश वाक्य न वाक्य टंकलेखकाला सांगतात, सरकारी वकील बाई कलमं एकसुरात वाचतात. यात काही ताणलेलं नाही, काम असंच चालतं. एका बाईंनी बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून त्यांचं प्रकरण पुढे ढकललं जातं. त्याला प्रेक्षक हसले, मला हसू आलं नाही. अशा गोष्टीला 'संथ' म्हटलं की ती छान वाटायला लागते, आणि मला तेच खटकतं.

शाईपेन्सिल
रोजनामाकाका, हे पटलं. पण 'रखडलेला चित्रपट' लिहिलं तर लोकांना वाटेल, निर्मितीतच अडकलाय.

डफ-तुणतुणं
आणखी एक. चित्रपटातला आरोपी शाहीर नारायण कांबळे गायला उभा राहतो तेव्हा त्यात संथ काय आहे? संभाजी भगत यांचं संगीत, ही भूमिका करणाऱ्या वीरा साथीदारांचा आवाज, नुसता धबधबा. गाणं वेगात आणि खटला ढिम्म, हा फरक मुद्दाम ठेवलाय. सगळ्या चित्रपटाला एकच विशेषण चिकटवायचा हट्ट सोडा. साथीदार नागपूरचे, स्वतः चळवळीतले. 2021 मध्ये करोनाने गेले. त्यांच्या कामाला 'थंड' म्हणणारे भेटतात तेव्हा वाद घातल्याशिवाय राहवत नाही.

तिसरी घंटा
गाण्यांबद्दल वादच नाही. गटारात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्षही ग्रेट आहे. आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचं, हे ती किती कोरडेपणाने सांगते! तसं आणखी हवं होतं.

ठाय
तो कोरडेपणा तुम्हाला लागला, कारण आधीच्या तासाभराने तुमचा कान तयार केला होता.

मांडवीपार
पत्रकात 'मॅनहोल'ला काय लिहिलंय?

मायबोली-रक्षक
मुंबई महापालिका 'मनुष्यप्रवेशिका' लिहिते. नेमका शब्द आहे.

डफ-तुणतुणं
नेमका आहे, आणि म्हणूनच अंगावर येतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मशीन-होल'ची, म्हणजे माणसाऐवजी यंत्राने सफाई करण्याची, घोषणा झाली. तरी आपण शब्द असा घडवला की माणसाने आत शिरणं हे त्या भोकाचं कामच ठरावं.

डोंबिवली-फास्ट-नाही
लोक 'चेंबर' म्हणतात. 'चेंबर तुंबलंय', झालं.

शाईपेन्सिल
पत्रक गुरुवारी छापायला जातंय. 'संथ' ठेवू की काढू?

रोजनामा
चेंबर वेगळं. इमारतीच्या आवारातलं लहान, झाकण उचलून वरूनच काठी घालतात. मॅनहोल रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीवर असतं. चित्रपटातला माणूस चेंबरमध्ये मेलेला नाही, तेवढं पत्रकात चुकू देऊ नका.

गोदाकाठ
नाशिकला आम्ही दोन्हींना चेंबरच म्हणतो.