मदत हवी आहे: बटणाचा फोन, मुलाच्या नावाचा क्यूआर आणि सासूबाईंची भडंगविक्री

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासूबाई घरी भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला करतात आणि शनिवारच्या बाजारात विकायला बसतात. पूर्वी सुट्ट्या पैशांवरून रोजची वादावादी असायची. आता वीस रुपयांच्या पुडीलासुद्धा लोक मोबाईल काढतात. सोय झाली हे खरंच.

पण पुढ्यात ठेवलेला क्यूआर माझ्या नवऱ्याच्या खात्याचा आहे. गिऱ्हाईक "झालं बघा मावशी" म्हणून स्क्रीन दाखवतं. आईंना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, मग त्या बटणाच्या फोनवरून मुलाला विचारतात, "पैसं आल्यात का रं? बघ की जरा." तो कुपवाडच्या एमआयडीसीत, मशीनपाशी फोन नेऊ देत नाहीत. तो फोन उचलेपर्यंत गिऱ्हाईक हरभट रोडला लागलेलं असतं. खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी गेलं तरी कळायचं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. रोखीत होतं तेव्हा आई चंचीत हात घालून हवं ते घ्यायच्या. आता कमाई त्यांची, आणि औषधालासुद्धा मुलाकडे मागायचं. तो कधी नाही म्हणत नाही, पण मागावं लागतंच ना!

त्यांचं स्वतःचं बचत खातं आहे, डेबिट कार्ड कपाटात पडून आहे, पण खात्याला मोबाईल नंबर मुलाचा. बँकेत पैसे ठेवायला त्यांची ना नाही. २०१९ च्या पुरात डब्यातल्या नोटा भिजल्या, त्या तव्यावर वाळवल्यापासून घरात रोकड ठेवायला त्याच तयार नसतात. पैसे थेट आईंच्या खात्यात यावेत, आल्याचं त्यांना जागेवर कळावं आणि जमलं तर त्यांना स्वतः देताही यावेत. स्मार्टफोन नको म्हणतात. काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
ताई, आधी खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून आईंचा करा, बाकी सगळं त्यावर अडलंय. यूपीआय सुरू होताना अ‍ॅप फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी करतं. सिमचा आणि खात्याचा नंबर एकच नसेल तर गाडी तिथेच थांबते. आईंना घेऊन शाखेत जा, पासबुक आणि आधार न्या, नंबर बदलायचा फॉर्म भरा. मग दुकानदारांसाठीचा क्यूआर घेताना खातं त्यांचंच द्या आणि सोबत बोलणारा स्पीकर घ्या. त्याला स्वतःचं सिम असतं. पैसे जमा झाले की आकडा मोठ्याने सांगतो, मराठीतही. स्क्रीनशॉटवाल्यांचा प्रश्नच मिटला.
आणि आईंना एक पक्कं सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे येण्यासाठी पिन टाका" म्हणणारा चोर समजायचा. तरी फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रतिसाद २
यूपीआय सर्कल बघा ना. मुलाच्या खात्यातून आईंनी खर्च करायचा, महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा घालता येते. आमच्याकडे मिरजेत वडिलांना असंच करून दिलंय.

प्रतिसाद ३
सर्कलला दोघांकडेही स्मार्टफोन लागतो, आणि पैसे शेवटी मुलाच्याच खात्यातले. ताईंचं दुखणं तेच आहे की!
बटणाच्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली यूपीआय १२३पे आणलं. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, विचारेल ते आकडे दाबायचे, शेवटी पिन. इंटरनेट लागत नाही. एका वेळी १०,००० पर्यंत जातात. त्याआधीची *९९# लावून पैसे पाठवायची सोयही चालू आहे. पिन पहिल्यांदा तयार करताना डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात, म्हणून ते कार्ड शोधून ठेवा. पण बाजाराच्या गर्दीत हे जमायचं नाही. घरी निवांत बसून रिचार्ज किंवा गॅसचे पैसे भरायला ठीक.
पुढेमागे स्मार्टफोनला तयार झाल्याच तर यूपीआय लाइट करून द्या. फोनमधल्या पाकिटात ५,००० पर्यंत ठेवायचे, हजारपर्यंत पिनशिवाय जातात. फोन हरवला तर नुकसान तेवढ्यापुरतंच.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. सर्कलचं मीही आधी घरात सुचवलं होतं. आई म्हणाल्या, "म्हंजे परत त्याच्याच पाकिटातनं व्हय?" विषय संपला.
नंबर बदलायला सोमवारी शाखेत जातोय. स्पीकरचं मात्र नक्की होत नाहीये. भाडं महिन्याचं घेतात आणि आई बसतात आठवड्यातून एकच दिवस. एकरकमी पैसे घेऊन भाडं न लावणारा स्पीकर कोणी वापरतंय का? आणि बाजारातल्या गोंगाटात त्याचा आवाज पुरतो का, आईंना एका कानाने कमी ऐकू येतं.