मदत हवी आहे: लव्हाळ्याचा क्रॉस आणि गारठ्यातला योग

नमस्कार मंडळी, आम्ही डब्लिनला असतो. १ फेब्रुवारीला इथे इंबोल्क हा जुना केल्टिक सण, म्हणजेच आयर्लंडच्या संत ब्रिजिडचा दिवस (सेंट ब्रिजिड डे). आयरिश लोकांचा वसंत याच दिवशी सुरू होतो (बोटं गारठलेली असली तरी!). २०२३ पासून त्यानिमित्त सुट्टीही मिळते.

शेजारणींसाठी तासभर योग, मग या दिवशी करतात ते लव्हाळ्याचे क्रॉस विणायचे असा बेत आहे. रीतीप्रमाणे लव्हाळे कापायचे नाहीत, उपटायचे. काडी दुमडून आधीच्या काडीवर चढवत गेलं की मधला चौकोन जमतो, पण चारही टोकं बांधेपर्यंत सगळं सैल पडतं. कोणी केलंय का? काड्या रात्रभर ओल्या फडक्यात ठेवू का?

शिवाय उजाडतंच आठनंतर. साठीच्या बायकांना सूर्यनमस्कारांआधी काय करायला सांगू?