लेबनन (कॅन्सस): लोकसंख्येचा कुठला आकडा धरायचा?

भूपट:
कॅन्सस राज्याच्या स्मिथ काउंटीतल्या लेबनन गावावर माहितीपर लेख लिहायला घेतलाय. अमेरिकेच्या सलग 48 राज्यांचा भौगोलिक मध्यबिंदू या गावाजवळ येतो, त्यामुळे जागा सापडते. घोळ आहे तो लोकसंख्येचा. एकीकडे 178, दुसरीकडे वेगळाच आकडा, आणि झिपकोडनिहाय तक्त्यात तर बराच मोठा. खरा कुठला? टाउनशिप हा प्रकारही नीट कळलेला नाही. गाव एवढं ओसरलं का, त्याचं कारणही हवंय.

शिरगणती:
178 घ्या आणि त्यासोबत 1 एप्रिल 2020 ही तारीख लिहाच. तो दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेचा आकडा आहे. 2000 मध्ये 303, 2010 मध्ये 218, 2020 मध्ये 178 अशी उतरंड दिली की वाचकाला चित्र कळतं.

दुसरा आकडा बहुतेक अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा असणार. ही शिरगणती नाही, नमुना पाहणी आहे. देशभरातून वर्षाला साधारण 35 लाख पत्ते निवडतात. 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करूनच अंदाज देतात. लेबननएवढ्या गावात मोजकीच घरं नमुन्यात येतात, म्हणून आकड्याशेजारचा अधिक-उणे रकाना आधी बघा. समजा अंदाज 190 आणि अधिक-उणे 60 असेल, तर 130 ते 250 मधलं काहीही शक्य आहे, तेही 90 टक्के खात्रीने. 60 ला 1.645 ने भागा, 36.5 येतात (ही प्रमाण त्रुटी), ते 190 च्या 19 टक्के होतात. एकूण लोकसंख्येतच एवढी चूक असेल तर त्याच गावाचं सरासरी उत्पन्न किंवा शिक्षणाची टक्केवारी लेखात घालण्यात अर्थ नाही. ती काउंटीची द्या.

जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर नुसतं गावाचं नाव टाकलं की बऱ्याचदा पाहणीचेच तक्ते पुढे येतात. वर्ष 2020, प्रकार दहावार्षिक जनगणना, तक्ता पी1 (एकूण लोकसंख्येचा), भूगोलात ‘प्लेस’ (गाव-शहर) स्तर आणि मग कॅन्सस, अशा क्रमाने जा. लेबनन नावाची गावं इतर राज्यांतही आहेत. त्याच खात्याच्या क्विकफॅक्ट्स या थोडक्यात आकडे देणाऱ्या पानावर शोधू नका, तिथे 5,000 च्या खालची गावं नसतात.

झिपकोडचा आकडा सोडूनच द्या. झिपकोड टपालवाटपासाठी आहे, त्यात भोवतालच्या शेतांवरची घरंही येतात. जनगणना खातं त्यावरून स्वतःचे ठोकळ पट्टे आखतं. गावाच्या हद्दीशी त्यांचा संबंध नाही.

चौकटराजा:
टाउनशिपचं बघू. हा शब्द दोन गोष्टींना वापरतात. एक म्हणजे काउंटीतला छोटा प्रशासकीय विभाग. दुसरी म्हणजे 1785 च्या कायद्यापासून चालत आलेली मोजणीची चौकट: 6 मैल × 6 मैल, त्यात 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 1 चौरस मैल म्हणजे 640 एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे 6 पर्यंत जातात, 6 च्या खाली 7 आणि मग पूर्वेकडे उलटे. शेवटचा 36 आग्नेय कोपऱ्यात. प्रत्येक ओळ एकाच दिशेने वाचली की जमीन भलत्याच ठिकाणी दिसते. रेखावृत्तं उत्तरेला जवळ येत जातात, त्यामुळे पडणारी तूट चौकटीच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकललेली असते. तिथे बरोबर 640 एकर भरेलच असं नाही. कॅन्ससमध्ये ही मोजणी 40 अंश अक्षांशावरून, म्हणजे नेब्रास्काच्या सीमेवरून, दक्षिणेकडे जाते.

गाव ओसरण्याचं कारणही याच चौकटीत दिसतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला 160 एकर, म्हणजे पाव सेक्शन मिळे. शाळांसाठी राखलेले 16 आणि 36 हे सेक्शन वगळले तर एका टाउनशिपमध्ये 136 पाव सेक्शन उरतात. घरटी पाच माणसं धरली तर 680. स्मिथ काउंटी साधारण 30 × 30 मैल, म्हणजे अशा 25 चौकटी, गुणाकार 17,000. आता 1900 च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या बघा: 16,384. हा हिशेब कागदी आहे, शिवाय 16,384 मध्ये गावांतली माणसंही आली; पण 160 एकरांच्या शेतीवर तिथे किती माणसं राहू शकत होती याचा अंदाज येतो. पुढे ट्रॅक्टर आणि कंबाइन आले, एकच कुटुंब कित्येक सेक्शन गहू, ज्वारी, मका करू लागलं. 2020 मध्ये काउंटीत 3,570 माणसं उरली. जमीन सुमारे 895 चौरस मैल, म्हणजे चौरस मैलामागे चार. शेतावरची घरं गेली की त्यांच्यावर चालणारी दुकानं, शाळा, धान्याचा व्यापार आकसतो. लेबनन हे असंच बाजाराचं गाव.

शिरगणती:
एक भर घालतो. 178 ला अगदी एकेक माणूस मोजल्यासारखं धरू नका. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून 2020 मध्ये आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला आहे. राज्याची एकूण लोकसंख्या आणि सगळीकडची घरांची संख्या जशीच्या तशी ठेवली, गावांची आणि ब्लॉकांची (जनगणनेच्या सर्वांत छोट्या तुकड्यांची) लोकसंख्या मात्र थोडी हलवली. नेब्रास्कातल्या मोनोवी गावाची 2010 ची लोकसंख्या 1 होती, तिथे 2020 मध्ये 2 छापून आले, ते यामुळेच. म्हणून ब्लॉकनिहाय आकडे अजिबात वापरू नका.

भूपट:
2020 नंतरचा आकडा द्यायचा असेल तर? आणि एवढ्या छोट्या गावाला ‘सिटी’ लिहायचं का?

चौकटराजा:
हो, लिहा. कॅन्ससमध्ये रीतसर स्थापन झालेलं गाव कितीही लहान असलं तरी कायद्याने सिटीच असतं. त्याचा तुम्हाला फायदा आहे: जनगणना खातं दरवर्षीचे अंदाज अशाच गावांसाठी काढतं. ज्यांना नगरप्रशासन नाही, फक्त आकडेवारीसाठी हद्द आखलेली आहे, अशा वस्त्यांना ते मिळत नाहीत. मात्र काउंटीचा अंदाज घरांच्या प्रमाणात वाटून गावाचा आकडा येतो. शिवाय दरवर्षी नवी मालिका निघते आणि 2020 पासूनचे मागचे अंदाजही बदलतात. एका मालिकेतलं 2021 आणि दुसरीतलं 2023 जोडून घट काढू नका. सगळी वर्षं सर्वांत ताज्या मालिकेतूनच घ्या.