लेथवर कूलंटऐवजी खोबरेल तेल चालेल का?

मिरजोळे_लेथ:
रत्नागिरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). मुख्य काम बोटींच्या एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) शाफ्टचं, बाकी ईएन ८ (साधं कार्बन स्टील) आणि थोडं पितळ. पावसाळ्यात सुट्टीनंतर सोल्युबल ऑइलला (पाण्यात मिसळून वापरायच्या कूलंटला) घाण वास येतो, पोरांच्या हातांना खाज सुटते. वनस्पती तेलावर जायचंय. खोबरेल, करंज, उंडी तिन्ही इथे मिळतात. कोणतं घ्यावं? आणि आहे त्याच टाकीत ओतलं तर?

टूलरूम_चिपळूण:
टाकीत ओतू नका. इमल्सिफायरशिवाय (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या रसायनाशिवाय) तेल पाण्यात मिसळत नाही. वर तवंग धरेल आणि त्याखाली बॅक्टेरिया आणखी माजतील. वापरायचं तर बिनपाण्याचं, एमक्यूएलने (कमीत कमी तेलाच्या फवाऱ्याने): दाबाच्या हवेबरोबर बारीक थेंब थेट टूलच्या कापणाऱ्या धारेवर. टर्निंगला तासाला ३० ते ५० मिली, हवा ४ ते ६ बार, नोझल धारेपासून २०-३० मिमीवर. वरून मारलं तर लांब चिप मध्ये येते, म्हणून एसएसला नोझल खालून, फ्लँकच्या (धारेखालच्या टूलच्या कडेच्या) बाजूने लावा. मशीनभोवती धुकं तरंगत राहिलं तर तेल जास्त जातंय.

तेल खोबरेलच घ्या. त्यात जवळपास ९० टक्के संपृक्त मेदाम्लं, त्यामुळे हवेने लवकर बिघडत नाही. घाण्याचं करंज तेल स्लाइडवर आणि टरेटमध्ये (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यात) डिंकासारखं धरतं. उंडीत मुक्त आम्ल जास्त, पितळ हिरवं पडेल. ती होडीच्या लाकडालाच बरी.

कुडाळ_सीएनसी:
खोबरेलाला हो, पण ते २४-२५ अंशांखाली थिजतं. पौषात सकाळी बारीक नळी चोक होते, हवा मात्र फुसफुसत राहते. ऑपरेटरला वाटतं सगळं ठीक, आणि इन्सर्ट (टूलचा बदलता कापणारा तुकडा) कोरडा जळतो. ३० टक्के रिफाइंड शेंगदाणा तेल मिसळा. टिकाऊपणा थोडा घटतो, म्हणून बीएचटी (तेल खवट होऊ न देणारं रसायन) अर्धा टक्का, तेल ७० अंशांपर्यंत तापवून विरघळवा.

पावसाळ्यात त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे कॉम्प्रेसरचं पाणी. ड्रायर नसेल तर एमक्यूएल पाणीच फवारतं. रिसीव्हर (कॉम्प्रेसरची हवेची टाकी) रोज ड्रेन करा, युनिटच्या आधी वॉटर सेपरेटर हवाच. ईएन ८ वर या तेलाचा भरवसा नको. खाऱ्या हवेत रात्रीत तांबेरा चढतो. जॉब उतरला की पुसून रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंजरोधक) मारा.

मिरजोळे_लेथ:
फ्लँजला १० मिमीचं ५० मिमी खोल भोक आहे, तिथे जमेल?

टूलरूम_चिपळूण:
पाच डी (व्यासाच्या पाचपट खोली) म्हणजे अवघड. एमक्यूएल चिप धुऊन काढत नाही, ड्रिल अडकून मोडतं. जी८३ (थोडं थोडं टोचत, मध्ये मागे येत भोक पाडायचा कोड) लावा, क्यू म्हणजे एका टोच्याची खोली २ मिमी, किंवा व्हीएमसीवर सोल्युबलच ठेवा, वनस्पती तेलाच्या बेसचं मिळतं. रिफ्रॅक्टोमीटरचं (कूलंटमधलं तेलाचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग डेटाशीटवरच्या फॅक्टरने गुणून ६-८ टक्के राखा, पीएच ९ च्या आसपास. ८.५ खाली गेला की वास सुरू. आणि खाडीजवळच्या विहिरीचं पाणी घालत असाल तर आधी ते तपासा: क्षार जास्त असले की इमल्शन फुटतं, क्लोराइडमुळे जॉब गंजतो.

कुडाळ_सीएनसी:
तेल पुसलेल्या कॉटन वेस्टचा ढीग करू नका, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. वनस्पती तेलाच्या चिंध्या आतून तापून आपोआप पेटतात. शेंगदाणा, करंजाला हा धोका खोबरेलापेक्षा जास्त.