लॉगिनचं बटण ठेवू, की स्वतःचा सर्व्हर उभा करू?

कोडेवाला:
नमस्कार मंडळी. शब्दकोड्यांची एक साइट सात वर्षं एकटाच चालवतोय. सभासद साडेचारशे, त्यातले निम्मे तरी साठीपुढचे. पासवर्ड सांभाळायची कटकट नको म्हणून पहिल्याच दिवशी एका मोठ्या कंपनीचं 'आमच्या खात्याने लॉगिन करा' हे बटण लावलं आणि निवांत झालो.

गेल्या महिन्यात एका आजींचं त्या कंपनीतलं खातंच बंद झालं. का, ते कळलं नाही. दाद कुठे मागायची तेही नाही. मेलही तिथेच, म्हणजे तोही गेला. आमच्याकडे त्यांची हजाराच्या वर सोडवलेली कोडी पडून आहेत, पण त्यांना आत घेऊ कसं? शेवटी डेटाबेसमध्ये हात घालून त्यांचं खातं नव्या मेलला जोडलं. पण फोनवर बोलतायत त्या त्याच आजी, हे कशावरून ठरवलं? आवाजावरून! आणि मागच्या कोड्यातल्या आडव्या २३ मधली माझी चूक त्यांनी लगेच दाखवली म्हणून. हसू नका.

आता बटण तसंच ठेवू, पैसे घेणारी तयार लॉगिन सेवा घेऊ, की कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवू? भाचा म्हणतो, "मामा, ओपन सोर्स घे, सुटशील." खरंच सुटेन का?

जुनाखांब:
भाच्याचं अर्धं बरोबर आहे. तुमचं ते बटण बहुतेक ओपनआयडी कनेक्टवर, म्हणजे एका साइटच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करायच्या ठरलेल्या पद्धतीवर चालत असेल, आणि ते खुलंच मानक आहे, २०१४ पासून. मानक खुलं असूनही आजी बाहेर राहिल्याच ना? कारण त्यांचं नाव त्या कंपनीच्या वहीत होतं.

मी २००६ च्या आसपासचा, पहिल्या ओपनआयडीचा माणूस. तेव्हा आपली ओळख म्हणजे आपल्या वेबपानाचा पत्ता. मी माझ्या डोमेनवरच्या पानात दोन ओळी टाकल्या होत्या: 'माझी खातरजमा अमुक सर्व्हरला विचारा.' पुढे तो सर्व्हर बंद पडला. मी त्या दोन ओळी बदलून दुसऱ्याचं नाव घातलं, आणि सगळ्या साइट्सनी मला पूर्वीसारखंच ओळखलं. पाच मिनिटांचं काम! कनेक्टमध्ये ही सोय व्यवहारात उरली नाही. तिथे माणूस म्हणजे 'जारी करणारा कोण' आणि 'त्याने दिलेला क्रमांक कोणता' ही जोडी. दोन्ही त्यांचंच.

अर्थात लोकांना ते कधी पचलं नाही, हेही खरं. 'वापरकर्त्याचं नाव' या चौकटीत वेबपत्ता टाकायचा, हे माझ्या बायकोलाही पटवता आलं नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०११ मध्ये वेबपत्त्याऐवजी मेल घेऊन पर्सोना ही लॉगिनची सोय काढली. कल्पना सुंदर, सगळं खुलं, आणि ३० नोव्हेंबर २०१६ ला बंद. नुसतं खुलं असून भागत नाही, दुसऱ्यांनी ते लावावं लागतं.

रात्रपाळी:
कीक्लोक मी एका कामावर चार वर्षं सांभाळतेय, म्हणून सांगते. चांगलं आहे, पण ते जावा प्रकरण आहे, मेमरी खातं, आणि अपग्रेड टाळलंत की सुरक्षेची भोकं उघडी. २०२२ मध्ये १७ वी आवृत्ती आली तेव्हा लॉगिन सर्व्हरच्या वेबपत्त्यातला 'ऑथ' हा तुकडा मूळ मांडणीतून गेला. म्हणजे 'जारी करणारा' म्हणून जो पत्ता सगळीकडे नोंदलेला, तोच बदलला. एका सेटिंगने तो परत आणता येतो, पण ते मला कळलं पहाटे तीनला. साडेचारशे कोडेप्रेमींसाठी हे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तयार सेवा घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: निघताना पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची साठवलेली सांकेतिक रूपं, देणार का? 'नाही' आलं, तर निघायच्या दिवशी सगळ्यांना नवा पासवर्ड करायला लावावं लागेल. साठीपुढच्यांना!

आणि तुमच्या डेटाबेसच्या टेबलात सभासद ओळखायची मुख्य किल्ली म्हणून मेल ठेवलाय का? असेल तर आजच बदला. सभासदाला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, आणि बाहेरच्या ओळखी वेगळ्या टेबलात त्याला जोडा, एकाला कितीही. मेल जुळला म्हणून दोन खाती आपोआप एक करू नका. सोडून दिलेला मेलपत्ता उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

कोडेवाला:
ताई, मेलच किल्ली आहे. गप्प बसतो.
म्हणजे बटण ठेवायचं, पण ते एकच दार ठेवायचं नाही, असंच ना? दुसरं दार कोणतं? मेलवर लिंक पाठवली तर आजींच्या बाबतीत तीही बुडालीच असती.

रात्रपाळी:
पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली. तिची खासगी बाजू त्यांच्या फोनमध्ये, उघडी बाजू तुमच्या डेटाबेसमध्ये. लॉगिनच्या वेळी मधल्या कंपनीला काही विचारावं लागत नाही. पण फोनातल्या पासक्या बहुधा अशाच एखाद्या कंपनीच्या खात्यातून सिंक होतात, म्हणून नुसत्या तिच्यावरही विसंबू नका. सोबत आठ-दहा एकवेळचे कोड द्या, कागदावर उतरवायला सांगा. ही पिढी कागद हरवत नाही.

जुनाखांब:
आणि पासकी तुमच्या डोमेनला बांधलेली असते. डोमेन गेलं की साडेचारशे किल्ल्या एकदम निकामी. मी एकदा नूतनीकरण विसरलो होतो. माझी ती दोन ओळींची स्वतंत्र ओळख आठवडाभर कुणा जाहिरातवाल्याच्या पानावर होती. तुमचं कधी संपतंय?

कोडेवाला:
आत्ता बघितलं. अकरा दिवस उरलेत, आणि तिथे नोंदवलेलं कार्ड दोन वर्षांपूर्वीच बदललंय. आलोच.