रि: कट्ट्याचा विषय – परराष्ट्र धोरण आणि दोन पक्ष

प्रेषक: नाना

नमस्कार मंडळी,

टॅरिफवरून (आयात शुल्कावरून) आपल्या मेल-यादीवर झालेली हमरीतुमरी वाचली. मेल उघडण्याआधीच लिहिणारा लाल (रिपब्लिकन) की निळा (डेमोक्रॅट) हे लोक ठरवून टाकतात. तेव्हा पुढच्या कट्ट्यासाठी विषय सुचवतो: परदेशाच्या बाबतीत अमेरिकेतल्या दोन पक्षांनी मिळून काम करण्याचे दिवस गेले का?

आपल्याच मिशिगनचे आर्थर व्हँडेनबर्ग आठवा. ग्रँड रॅपिड्सच्या वर्तमानपत्राचे संपादक, मग रिपब्लिकन सिनेटर. पर्ल हार्बरपर्यंत ‘युरोपच्या भानगडीत पडू नका’ म्हणणाऱ्यांचे म्होरके. 10 जानेवारी 1945 ला सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, उभं राहून त्यांनी भूमिका बदलली. 1948 हे निवडणुकीचं वर्ष, अध्यक्ष डेमोक्रॅट ट्रूमन, आणि सिनेटची परराष्ट्र समिती व्हँडेनबर्ग यांच्या हातात. अडवायचं म्हटलं असतं तर मार्शल योजना (महायुद्धानंतर युरोप उभा करायची मदत) सहज लटकली असती. ती सिनेटमधून 69-17 ने गेली.

फुकट नाही गेली, हेही सांगतो. योजना स्टेट डिपार्टमेंटकडे (परराष्ट्र खात्याकडे) न देता वेगळी संस्था काढायला लावली, आणि तिच्यावर स्टुडबेकर मोटार कंपनीचे पॉल हॉफमन बसले, तेही रिपब्लिकन! म्हणजे देणंघेणं रोखठोक होतं, पण काम झालं. आता एप्रिल 2024 बघा. युक्रेनची मदत सहा महिने रखडली. शेवटी हाऊसमध्ये (कनिष्ठ सभागृहात) 311-112 ने पास झाली, आणि विरोधातली सगळी 112 मतं रिपब्लिकनांची, म्हणजे स्पीकरच्याच पक्षाची.

– नाना

---

प्रेषक: मेघना

नाना, विषय मस्त, पण एकमताचे एवढे गोडवे नकोत. ऑगस्ट 1964 चा टोंकिनच्या आखाताचा ठराव, म्हणजे अध्यक्षाला व्हिएतनाममध्ये लष्कर वापरायची मोकळीक, हाऊसमध्ये 416-0 आणि सिनेटमध्ये 88-2 ने झाला. याहून मोठं एकमत कुठलं? त्यातून व्हिएतनाम युद्ध निघालं. 2002 मध्ये इराकवरच्या युद्धाच्या परवानगीसाठी सिनेटमध्ये 77-23. तेव्हा कुणीतरी कडकडून भांडायला हवं होतं.

आणि भारतापुरतं बोलायचं तर 1971 च्या बांगलादेश प्रकरणात अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या बाजूने झुकले, तेव्हा त्यांना आडवं कोण आलं? पाकिस्तानची मदत थांबवायची दुरुस्ती आणली सिनेटर चर्च आणि सॅक्सबी यांनी. चर्च डेमोक्रॅट, सॅक्सबी निक्सनच्याच पक्षाचे. भांडण झालं ते बरंच झालं.

---

प्रेषक: शिरीष

मेघना, तू नानांना उत्तर द्यायला जे उदाहरण दिलंस ना, त्यातच खरी गोष्ट आहे. सॅक्सबी आपल्याच अध्यक्षाच्या विरोधात गेले. भांडणं पूर्वीही होती, पण ती पक्षाच्या कुंपणावरून होत नव्हती.

मी 1980 मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रात होतो. 1963 च्या कराराप्रमाणे अमेरिकेने इंधन द्यायचं. 1974 च्या पोखरणनंतर आणि 1978 च्या त्यांच्या अण्वस्त्रप्रसार-बंदी कायद्यानंतर सगळं अडकलं. इंधन पुरवून पुरवून वापरायचं. कॅन्टीनमध्ये चहाबरोबर सेनेटर जॉन ग्लेनचा उद्धार व्हायचा. अंतराळवीर म्हणून ज्याचे फोटो आम्ही शाळेत असताना कापून ठेवले होते, तोच! अध्यक्ष कार्टरनी 38 टन युरेनियम पाठवायचं ठरवलं. ग्लेन त्यांच्याच पक्षाचे, तरी विरोधाचे पुढारी. हाऊसने 298-98 ने नको म्हटलं, आणि त्या हाऊसमध्ये बहुमत डेमोक्रॅटांचं होतं. पण अडवायला दोन्ही सभागृहांचा नकार लागायचा, आणि सिनेटमध्ये 48-46 असे दोन मतांनी वाचलो. त्या दिवशी कोण कुठे मत देईल हे आधीपासून कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

2008 चा भारत-अमेरिका अणुकरारही तसाच. 1 ऑक्टोबरला सिनेटमध्ये 86-13. निवडणूक महिन्यावर आलेली, तरी ओबामा आणि मॅकेन या दोन्ही उमेदवारांची मतं बाजूने, आणि विरोधातले बहुतेक डेमोक्रॅट. तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्यानंतर कितीही सरकारं बदलली तरी तो करार कुणी फाडला नाही. उलट पॅरिस हवामान करार बघा: सिनेटच्या वाट्याला न जाता अध्यक्षांनी सहीवर केला, मग 2020 मध्ये बाहेर, 2021 मध्ये आत, 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा. इराणशी झालेला अणुकरारही तसाच 2015 मध्ये झाला आणि 2018 मध्ये मोडला. आंतरराष्ट्रीय करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये लागणारी दोन तृतीयांश मतं मिळणार नाहीत म्हणून अध्यक्ष आडवाटेने जातो, आणि आडवाटेने आलेलं पुढचा अध्यक्ष सहज फेकून देतो. मग समोरच्या देशाने कुणाच्या शब्दावर सही करायची?

---

प्रेषक: चिटणीस

मंडळी, चर्चा छान चालली आहे, चालू द्या. पण आपल्या यादीवर उमेदवारांची पोस्टरं फॉरवर्ड करू नयेत ही विनंती. आज सकाळी दोन काढून टाकली, एक एका बाजूचं आणि एक दुसऱ्या बाजूचं. हॉल शनिवारी चारपर्यंतच आहे.

---

प्रेषक: मेघना

शिरीषदादा, मान्य. मग 4 डिसेंबर 2012 घ्या. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार, बुश थोरल्यांच्या 1990 च्या कायद्यावर बेतलेला. 89 वर्षांचे बॉब डोल, पूर्वीचे रिपब्लिकन नेते, महायुद्धात एक हात निकामी झालेले, व्हीलचेअरवरून सिनेटमध्ये आले. लोक येऊन हात हातात घेऊन गेले. मग डोल बाहेर पडले आणि मतदान झालं: 61-38. दोन तृतीयांशला पाच मतं कमी. कॅन्ससचे दोन्ही सिनेटर, म्हणजे डोल यांच्याच राज्याचे आणि पक्षाचे, विरोधात. हे वाचून मला राग येतो, बाकी आकडे काहीही असोत.

---

प्रेषक: नाना

मेघना, तरी एक तुझ्या विरोधात टाकतो. नाटोतून (युरोप-अमेरिकेच्या लष्करी युतीतून) अध्यक्षाला एकट्याच्या मर्जीने बाहेर पडता येऊ नये असं कलम डिसेंबर 2023 च्या संरक्षण विधेयकात आलं. ते आणलं सिनेटर टिम केन आणि मार्को रुबिओ यांनी, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. त्याच रुबिओंना 20 जानेवारी 2025 ला सिनेटने 99-0 ने परराष्ट्रमंत्री केलं. आता अध्यक्षांनी बाहेर पडायचं ठरवलं तर कागद पुढे सरकवायचं काम त्यांच्याच टेबलावर येणार. ते काय करतील, यावर कट्ट्याला आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचं, नाव न घालता. मग बोलू.