मदत हवी आहे: दुसऱ्या वर्षाला असताना लॅबमध्ये काम कसं मिळवायचं?

परागकण
मला संशोधन करायचंय. कितीतरी प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. पुढच्या प्रवेशासाठी अनुभव लागतो म्हणतात, आणि अनुभव नाही म्हणून कुणी घेत नाही. मार्क चांगले आहेत. सुट्टी लागायच्या आत ठरायला हवं. जाणकारांनी लवकर सांगावं.

सूक्ष्मदर्शी
विषय कोणता? मेल स्वतःच्या कॉलेजात केले की बाहेर? मेलमध्ये लिहिलंय काय?

बिंदुरेषा
विषय कुठलाही असू दे, आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका. लॅबमध्ये डेटा पडून असतो आणि तो नीट लावायला कुणाला वेळ नसतो. मी असाच आत शिरलो.

काचनळी
असहमत. ज्याने प्रयोग केलेला नाही त्याला डेटातली गडबड दिसत नाही. पिपेटवर (थोडा द्रव मोजून घ्यायच्या नळीवर) हात बसला नसेल तर एकाच नमुन्याची तीन रीडिंग तीन तऱ्हांची येतात, कोड तिथे काय करणार? पीएचडीच्या विद्यार्थ्यांना विचारा, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवा, ते प्लेटमध्ये ओता. रोजचं शिकवणं तेच करतात.

बिंदुरेषा
पण आत घेणार कोण? प्रश्न तोच आहे ना.

कुतूहल
थोडं अवांतर, पण स्टर्टेव्हंट या जनुकशास्त्रज्ञाबद्दल सांगायलाच हवं. कोलंबिया विद्यापीठात पदवीला असताना त्याने घोड्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर टिपण लिहून तिथले प्राध्यापक मॉर्गन यांना दाखवलं, आणि त्यावरून त्याला फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. १९११ मध्ये कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून एका रात्रीत त्याने पहिला जनुकीय नकाशा (गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठे ते दाखवणारा) मांडला. १९१३ मध्ये तो छापून आला. त्याचा सहकारी ब्रिजेस तर तिथे बाटल्या धुवायला लागला होता. जाड काचेतून त्याला वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी दिसली!

सूक्ष्मदर्शी
कुतूहल, छान माहिती. परागकण, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

परागकण
सूक्ष्मजीवशास्त्र. कॉलेजात आणि बाहेरही, सगळ्यांना एकच मेल: ‘आदरणीय सर/मॅडम, मी मेहनती विद्यार्थिनी असून आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर संशोधन करण्याची इच्छा आहे. बायोडेटा जोडला आहे.’ यात काय कमी आहे?

सूक्ष्मदर्शी
‘सर/मॅडम’ वाचताच कळतं की हे सगळ्यांना गेलंय. ‘कोणत्याही विषयावर’ म्हणजे माझं काम वाचलेलं नाही. एकच व्यक्ती निवडा, शक्यतो तुम्हाला शिकवणारी. त्यांचा अलीकडचा एक पेपर घ्या. सारांश, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढंच आधी वाचा, पद्धती नंतर. जिथे अडाल तो प्रश्न मेलमध्ये लिहा. आठवड्याला किती तास देऊ शकता आणि किती महिने, हे स्पष्ट सांगा. नवख्याला शिकवण्यात लॅबचा बराच वेळ जातो, महिन्याभरात सोडून जाणारी व्यक्ती कुणालाच परवडत नाही. आठवड्याने एक आठवण पाठवली तर कुणी रागावत नाही.

सरळमार्ग
पेपर कुठे छापणार ते आधी ठरवा. फी भरली की चार दिवसांत छापणारी जर्नल्स आहेत, बायोडेटात नाव येतं.

काचनळी
कृपया असले सल्ले मुलांना देऊ नका. फी बऱ्याच चांगल्या जर्नल्सनाही असते, तो मुद्दा नाही. चार दिवसांत छापतात म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी झालेलीच नाही. असा पेपर पुढे मुलाखतीत आडवा येतो.

परागकण
आमच्याच एका मॅडमचा बायोफिल्मवरचा (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जंतूंच्या थरावरचा) पेपर मिळाला. त्यांनी प्लेट धुऊन क्रिस्टल व्हायोलेट हा रंग टाकलाय, मग ॲसिटिक ॲसिडमध्ये रंग उतरवून मोजलाय. औषध दिल्यावरही रंग फारसा कमी होत नाही, तरी खाली ‘जंतू मेले’ असं म्हटलंय. मला कळत नाहीये.

सूक्ष्मदर्शी
अगदी योग्य जागी अडलात! क्रिस्टल व्हायोलेट जिवंत आणि मेलेल्या दोन्ही पेशींना चिकटतो, भोवतीच्या चिकट थरालाही. म्हणजे तो एकूण थर किती ते सांगतो, जिवंत किती ते नाही. त्यासाठी त्यांनी थर खरवडून, पातळ करून, प्लेटवर वसाहती (जिवंत पेशींपासून वाढलेले ठिपके) मोजल्यात का? पुढच्या आकृतीत बघा. नसेल तर हेच मॅडमना विचारा.

परागकण
मोजल्यात! पुढच्याच आकृतीत. पण त्या फक्त चोवीस तासांच्या थरावर, जुन्या थरावर नाहीत. का?

काचनळी
हे आम्हाला नका विचारू. तास संपला की मॅडमना गाठा, पेपरची प्रत हातात ठेवा.

बिंदुरेषा
वसाहतींचे आकडे टेबलात दिले असतील तर पायथनमध्ये आलेख काढून न्या. हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोड देतो.